कबुतराच्या जिवावर जगणारे चोर

कबुतरांचा शौक आपल्या वस्त्यांना नवा नाही. चाळीच्या गच्चीवर, झोपडीच्या पत्र्यावर, कुठे जिन्याच्या वर फळ्या ठोकून केलेली ढाबळ आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. कुणी तासन्‌तास आभाळात राहणारी हायफ्लायर पाळतो, कुणी लांबवर सोडल्यावर घरचा रस्ता धरणारे होमर पाळतो. होमर ही मूळ बेल्जियमकडची जात. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली निरोप पोहोचवण्यासाठी कबुतरांचे दल उभारले ते याच जातीच्या बळावर. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या, रस्ते बंद पडले, तेव्हाही ही कबुतरे कामी आली.

असे पाखरू एके दिवशी उशिरा परतते. मग परतल्यावर दाणा टिपत नाही, पिसे फुगवून कोपऱ्यात बसते. लगेच घरात चर्चा सुरू होते. नजर लागली, कुणीतरी काही केले, ढाबळीची जागा बरोबर नाही. लिंबू-मिरची टांगली जाते, पायात काळा दोरा बांधला जातो. आठवड्याभरात पाखरू मरते आणि त्याच्या शेजारचे आजारी पडते.

आम्हांला येथे स्पष्ट सांगायचे आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला जो मार्ग दिला, त्यात दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे पहिल्यांदा शिकवले आहे. मग ढाबळीच्या दारात आपण ते विसरायचे का? कबुतराच्या या दुखण्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या पोटात, घशात, पिसांत किंवा फळीच्या फटीत बसलेले असते. ते शोधता येते.

पोटातले चोर

कबुतराच्या आतड्यात गोल जंत होतात. ते दोन-तीन सेंटिमीटरपासून सहा-सात सेंटिमीटरपर्यंत वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून खाली पडतात. ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती तयार होतात आणि जमिनीवरचा दाणा टिपताना पुन्हा कबुतराच्या पोटात जातात. केसासारखे बारीक जंत डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, पण पाखराला हाडाचा सापळा करून टाकतात. पट्टकृमी किडे आणि गोगलगायी खाल्ल्याने होतो.

रक्ती हगवणीचा जंतू याहून लहान. तो ओलीत दिवसा-दोन दिवसांत तयार होतो, म्हणून पावसाळ्यात पिल्ले हगवणीने पटापट जातात. मोठ्या निरोगी कबुतरात हा जंतू थोडाफार असतोच आणि त्यातूनच त्याची प्रतिकारशक्ती तयार होते. त्यामुळे विष्ठेत चार जंतू दिसले म्हणजे औषध ओतलेच पाहिजे, असे नाही. किती दिसले आणि पाखराची तब्येत कशी आहे, हे दोन्ही पाहावे लागते.

घशातला चोर

तोंड उघडून पाहिले की आत पिवळसर, पनीरासारखा थर दिसतो, पिल्लू गिळू शकत नाही. याला शौकीन लोक कँकर म्हणतात. हा जंतू बहुसंख्य मोठ्या कबुतरांच्या घशात मुकाट राहतो. आई-बाप पिल्लाला अन्नपिशवीतले दूध भरवतात तेव्हा तो पिल्लात उतरतो, आणि एकाच भांड्यातले पाणी प्यायल्याने इतरांत पसरतो. पिवळा थर नखाने किंवा काडीने खरवडू नका. रक्त सुटते आणि पाखरू दगावते.

पिसांतले चोर

पंख उजेडासमोर धरून पाहा. टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली तर उवा आहेत. त्या पिसे खातात.

चपटी, तपकिरी, पिसांखालून सरसर तिरकी पळणारी माशी दिसली तर ती कबुतरमाशी. ती रक्त पिते आणि कबुतरांचा मलेरिया एका पाखरातून दुसऱ्यात नेते. सर्जां या फ्रेंच बंधूंनी अल्जीरियात १९०६ साली हे दाखवून दिले. हा मलेरिया माणसाला होत नाही, आपला मलेरिया वेगळा, तो डासापासून होतो. पण शर्यतीच्या पाखराचे रक्तच बिघडले तर त्याचा दम कुठून टिकणार?

लाल गोचिडी दिवसा पाखरावर सापडत नाहीत. त्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फळीचे सांधे तपासा. पांढरे फडके फटीवरून फिरवा. लाल ठिपके उठले तर समजून जा. रिकाम्या ढाबळीतही त्या कित्येक महिने उपाशी जगतात, म्हणून जुनी ढाबळ विकत घेताना सावध राहा. घर आणि ढाबळ यांत एकच फळी असेल तर त्या माणसालाही चावतात.

औषधापूर्वी खराटा

वर सांगितलेल्या बहुतेक चोरांना ओल, घाण आणि फट लागते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. विष्ठा रोज काढा. दाणा जमिनीवर न टाकता भांड्यात द्या. पाणी रोज बदला, भांडे घासून उन्हात वाळवा. कबुतरमाशीच्या कोशातून नवी माशी बाहेर यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. घरट्यातला काडीकचरा दर पंधरा दिवसांनी काढून जाळला तर कोश जन्मण्याआधीच संपतात. फळ्यांच्या फटींवर उकळते पाणी ओता, वाळल्यावर चुना भरा. आठवड्यातून एकदा-दोनदा पसरट भांड्यात अंघोळीला पाणी ठेवा.

नवे पाखरू महिनाभर वेगळे ठेवा. शर्यतीच्या टोपलीत दहा ढाबळींची पाखरे एकत्र कोंबली जातात, एकाच भांड्यातून पाणी पितात. तिथून परतलेले पाखरूही काही दिवस बाजूला ठेवून तपासा. जागेत मावतील तेवढीच पाखरे पाळा.

आणि एक गोष्ट. अनेक घरांत शौक मुलाचा आणि साफसफाई आईच्या किंवा बहिणीच्या माथी असते. ज्याची कबुतरे, त्याच्याच हातात खराटा हवा. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडा, नाकाला फडके किंवा मास्क बांधा. कबुतराच्या पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुप्फुसे कायमची निकामी करू शकते. दमेकरी किंवा लहान मूल झोपते त्या खोलीत ढाबळ नको. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला, त्यातही मुख्य मुद्दा हाच होता.

औषध घेताना

गोल जंतावरचे औषध पट्टकृमीवर चालत नाही, हगवणीचे औषध कँकरवर चालत नाही. गोल जंतावर पिपराझीन किंवा लेव्हामिसोल, पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, रक्ती हगवणीवर अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल, कँकरवर मेट्रोनिडाझोल किंवा रोनिडाझोल, अशी वेगवेगळी औषधे डॉक्टर देतात. प्रमाण पाखराच्या वजनावर ठरते. कोंबडीच्या पुडीवरचे प्रमाण जेमतेम अर्ध्या किलोच्या कबुतराला लावू नका.

शाळेत मुलांना जंतनाशक दिनी देतात ती अल्बेंडाझोलची गोळी मुलांसाठी चांगली, परंतु कबुतरासाठी विष ठरू शकते. तिचेच भावंड असलेल्या फेनबेंडाझोलचेही तसेच. हाडांत रक्त तयार होणे थांबते, नवी पिसे वेडीवाकडी येतात, पाखरू मरते. घरात उरलेली गोळी चुरून पाण्यात टाकणे म्हणजे आपल्या हाताने घात करणे होय. ढेकणांचे औषध, फिनाईल, रॉकेल हेही पाखराच्या अंगाला लावू नका.

खरा मार्ग असा. चार-पाच पाखरांची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मिठाच्या दाट पाण्यात ती ढवळली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकातून दिसतात. कँकरची शंका असेल तर पाखरूच न्यावे लागते, कारण हा जंतू बाहेर फार काळ तग धरत नाही. मुंबईत परळला आणि नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे हे शास्त्र शिकवले जाते. संकोच करू नका, आपल्याच करातून ती चालतात. जंताचे औषध झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण जमिनीवरची अंडी औषधाने मरत नाहीत. पिल्ले भरवताना, पिसे झडताना आणि शर्यतीच्या तोंडावर औषध टाळता येते का, हेही विचारून घ्या.

शीलाचा प्रश्न

पंचशील घेतलेल्या घरात उवा आणि गोचिडी माराव्यात का, असा प्रश्न श्रद्धावान माणसाला पडतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आसऱ्याला ठेवलेल्या पाखराचे रक्त शोषले जात असताना हात बांधून बसणे ही करुणा नव्हे. आणि स्वच्छता राखली तर मारण्याची गरजच कमी पडते.

खरा दोष दुसरीकडे आहे. आजारी पाखराला पैजेसाठी आभाळात ढकलणे, हरले म्हणून मान मुरगळणे, घरातला किराणा आणायचे पैसे बाजीवर लावणे, यात शील कुठे उरते? पैजेने किती संसार मोडले ते वस्तीला ठाऊक आहे.

त्याच ग्रंथात देवदत्ताने बाण मारून पाडलेल्या पक्ष्याची हकीकत आहे. पक्षी कुणाचा, असा तंटा झाला आणि निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने लागला, कारण त्याने बाण काढून पक्ष्याला वाचवले होते. कबूतर विकत घेतले, त्याच्यावर आपला शिक्का मारला, एवढ्याने ते आपले होत नाही. आपल्या तरुणांनी हा शौक जरूर करावा, पण येत्या रविवारी वंदनेनंतर तासभर काढून एकेका पाखराचा पंख उजेडात धरावा, तोंड उघडून पाहावे, वजन करून वहीत लिहावे. चार घरांनी मिळून विष्ठेच्या डब्या एकाच फेरीत दवाखान्यात न्याव्यात, म्हणजे कुणाचाच रोज बुडणार नाही.