‘वय झालं’ म्हणजे काय झालं?

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये आम्ही राहतो. घरातली माणसे सकाळची लोकल गाठायला बाहेर पडली, की माझी 74 वर्षांची आजी दिवसभर एकटी असते. गेल्या वर्षी ती दोनदा पडली. दोन्ही वेळा खाटेवरून उठून उभी राहताच. ‘आता वय झालं!’ असे घरच्यांनी ठरवून टाकले. मलाही ते पटले होते, हे आधीच कबूल करते.

डॉक्टरांनी मात्र आजीचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून मोजला. वरचा आकडा 20 हून अधिक उतरला होता. त्याचे असे आहे, की माणूस उभा राहिला म्हणजे रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी मानेतील रोहिण्यांना हा बदल तत्काळ जाणवतो. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. उतारवयात हे सारे मंदावते. त्यात आजीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू. वृद्धांना तहानही कमी लागते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती घटते. शिवाय रात्री उठावे लागू नये म्हणून आजी दुपारनंतर पाणीच पीत नसे! हे आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

तेव्हा वयाचे काय आणि आजाराचे काय, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. डोळ्यांतील भिंग कडक होऊन चाळिशी लागते, ते वयाचे (प्राध्यापकवर्गाने रागावू नये!). तेच भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू. त्यावर शस्त्रक्रिया आहे. कानांचे म्हणाल, तर वरच्या पट्टीतले ध्वनी आधी हरपतात. स, श, फ निसटतात, स्वर तेवढे पोहोचतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. अशा वेळी ओरडण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोलावे. पाळी गेल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, म्हणून साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. आणि म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर ताप नसला तरी लघवीचा वा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे ‘वय झालं’ म्हणून थांबणे जिवावर बेतते.

डॉक्टरांनी आजीच्या गोळ्यांचे प्रमाण बदलले. आता ती खाटेच्या कडेला बसून पावले हलवते, मग उठते. सकाळी मी तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. कॉलेजातून परतल्यावर तो रिकामा झाला की नाही, हे पाहण्याचे काम माझे.