जठरव्रण: वेदना थांबली म्हणजे जखम भरली काय?

आमच्या शाळेच्या पालकवर्गात शेतमजुरी, ऊसतोडणी व बांधकामावर राबणारे अनेक जण आहेत. अंग ठणकले की वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घ्यावी व पुन्हा कामास लागावे. पोटात आग पडली तर दुसरी गोळी घ्यावी आणि आग शमताच औषध सोडावे, असे पाथरी परिसरात सर्रास घडताना आम्ही पाहतो. म्हणून हे चार शब्द.

जठरव्रण, म्हणजे अल्सर, ही जठराच्या अस्तरास पडलेली खोल जखम होय. ताण व तिखट जेवण यांमुळेच ती होते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे लक्ष वेधले; २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या ही जठरव्रणाची दोन प्रमुख कारणे होत.

जखम कितपत भरली हे एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, प्रत्यक्ष पाहता येते. जपानमधील साकिता व मिवा यांनी त्यासाठी सहा पायऱ्या ठरविल्या. 'ए-१' मध्ये तळावर जाड पांढरा थर असतो व कडा सुजलेल्या असतात; 'ए-२' मध्ये सूज ओसरून कडा स्पष्ट होतात. 'एच-१' मध्ये थर पातळ होऊन कडेने नवे अस्तर सरकू लागते. 'एच-२' मध्ये जखम बहुतांशी झाकली जाते. 'एस-१' म्हणजे लाल वण आणि 'एस-२' म्हणजे पांढरा, पक्का वण.

यातील मर्म असे, की वेदना पुष्कळदा वण धरण्याआधीच थांबते. तेव्हाच औषध सोडले तर व्रण पुन्हा उघडू शकतो. जिवाणू आढळल्यास प्रतिजैविकांचा, बहुधा चौदा दिवसांचा, क्रम पूर्ण करावाच लागतो. जठरातील काही व्रण कर्करोगाचे असतात. म्हणून डॉक्टर व्रणाचा तुकडा तपासणीस पाठवितात व काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालण्यास सांगतात. ती फेरी टाळू नये.

डांबरासारखे काळे शौच वा रक्ताची उलटी झाल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून रोज घेऊ नये. माजी विद्यार्थ्यांनी एवढी गोष्ट आपापल्या घरी व वस्तीत समजावून सांगावी, ही आमची विनंती.