मुळांतील गाठी आणि मातीतील राखणदार

वांग्याचे झाड भरपूर पाणी असूनही दुपारी मान टाकू लागले, तर आम्ही विद्यार्थ्यांना ते उपटून पाहावयास सांगतो. मुळांवर गाठी दिसल्या, की समजावे, आत सूत्रकृमी शिरले आहेत. त्यांचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान. परंतु एक मादी शेकडो अंडी घालते.

यावर जालीम विषे निघाली. त्यांपैकी डीबीसीपी तयार करणाऱ्या अमेरिकेतील कामगारांत १९७७ साली वंध्यत्व आढळले, आणि १९७९ साली तेथे त्याचा बहुतेक वापर थांबविण्यात आला. कृमीचा वंश खुडावयास गेलेले औषध माणसाच्याच वंशावर उलटले!

निसर्गाची रीत निराळी आहे. ‘पाश्चुरिया पेनेट्रान्स’ नावाच्या जीवाणूचे बीजाणू मातीत निपचित पडून असतात. जवळून सरपटणाऱ्या पिल्लाच्या कातडीस ते चिकटतात. पिल्लू मुळात शिरून रस शोषू लागले, की बीजाणूस कोंब फुटतो व तो त्याच्या अंगात शिरतो. मौज अशी, की मादी लगेच मरत नाही. मात्र अंड्यांऐवजी तिच्या पोटात सुमारे वीस लाख बीजाणू भरतात. मूळ कुजले, की ते मातीत मिसळून पुढच्या पिल्लांची वाट पाहतात.

अडचणीही आहेत. हा जीवाणू कृमीच्या शरीराबाहेर वाढविणे कठीण. शिवाय एका कृमीस चिकटणारे बीजाणू दुसऱ्यास चिकटतीलच, असे नाही. शेतात त्यांची संख्या वाढावयास काही हंगामही जातात. पण ज्या उपायाने शेतकऱ्याचे घर ओस पडत नाही, त्यासाठी थोडा धीर धरणे आम्हांस महाग वाटत नाही.