हिमबिबट्या पाहायचाय? आधी दोन दिवस नुसते बसा!

हिमबिबट्या दिसण्याचा हंगाम म्हणजे जानेवारी ते मार्च. भरल, आयबेक्स बर्फामुळे खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागोमाग तोही येतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. साहजिकच हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक खोऱ्याकडे आणि स्पितीतल्या किब्बरकडे भरहिवाळ्यात जाणाऱ्यांत मराठी मंडळीही असतात. कॅमेऱ्याच्या लेन्सवर महिनोन्‌महिने चर्चा होते. फुप्फुसांचा विचार मात्र विमानात बसल्यावर सुरू होतो.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. सकाळी दिल्लीहून निघालेला माणूस तासा-दीड तासात तिथे उतरतो. हवेतला प्राणवायू तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी असल्याने प्रत्येक श्वासात मुंबईच्या साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर श्वास वाढवते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होते. हा तोल मूत्रपिंडे सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. तेवढा वेळ दिला नाही, तर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे सुरू होते.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. मॅरेथॉन धावणारा किंवा दर रविवारी सह्याद्रीत भटकणारा यातून सुटतो, असे नाही. तंदुरुस्तीचा चढायला उपयोग होतो, विरळ हवेपासून ती वाचवत नाही. उलट तरुण, धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी बाजारात हिंडतो आणि संध्याकाळी आडवा होतो. गंमत म्हणजे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खुद्द हिमबिबट्याच्या हिमोग्लोबिनमध्येही प्राणवायू पकडण्याची काही खास ताकद आढळली नाही.

म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस विश्रांती, भरपूर द्रवपदार्थ, मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. पुढे मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. किब्बर तर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. पण शिमला-किन्नौरच्या रस्त्याने मुक्काम करत गेल्यास शरीराला सवय होत जाते. असेटाझोलामाइड ही गोळी मूत्रपिंडांचे काम लवकर घडवते, मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तर नक्कीच. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, रक्तक्षय किंवा गर्भारपण असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ कफ, चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे ही फुप्फुसात पाणी झाल्याची किंवा मेंदूला सूज आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा आणि रात्र असली तरी रुग्णाला खाली उतरवावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून थांबणे धोक्याचे. बिबट्या समोरच्या कड्यावर बसलेला असला तरीही!

थंडीचे गणितही ट्रेकपेक्षा वेगळे. ट्रेकमध्ये माणूस चालतो, अंग तापते. इथे दुर्बिणीपाशी चार-चार तास नुसते उभे राहायचे असते आणि रात्रीचा पारा उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतो. सुती बनियन घामाने ओला होऊन अंग गार करतो. आत लोकरीचा थर, वर पिसांचे जाकीट हवे. बूट एक माप मोठे घ्यावेत, घट्ट बुटांत रक्त खेळत नाही. बोटे पांढरी, बधिर झाली तर चोळू नयेत आणि शेकोटीजवळही धरू नयेत. आडोशाला जाऊन काखेत धरावीत. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांसाठी कडेनेही झाकणारा गॉगल हवा. आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात.