अडगळीतल्या संगणकाला नवी नोकरी

तुमच्या शाळेत एखादा जुना संगणक धूळ खात पडला आहे का? स्मृती जेमतेम १२८ मेगाबाइट, आजचे साधे खेळही त्याला झेपत नाहीत. मग भंगारात द्यायचा? थांबा! त्याला ‘फाइल सर्व्हर’ची नोकरी देता येते.

ग्रंथालयातला शिपाई पाहा. तुम्ही नाव सांगता, तो कपाटातून पुस्तक काढून देतो. ते त्याने वाचलेले असावे लागत नाही. फाइल सर्व्हरचेही तसेच. दुसरा संगणक फाइल मागतो. हा चकतीवरून तिचा एकेक तुकडा उचलून तारेवर सोडतो. हाती एका वेळी थोडेच तुकडे, म्हणून थोड्या स्मृतीत भागते.

मग एरवी स्मृती खाते कोण? बराचसा वाटा पडद्यावरच्या चित्रांचा! १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा घ्या. दर बिंदूला ४ बाइट धरले, तर एका चित्रालाच सुमारे ८३ लाख बाइट होतात. सर्व्हरपुढे तर कोणी बसतच नाही! म्हणून त्यावर लिनक्स किंवा नेटबीएसडी ही प्रणाली चित्रांवाचून, नुसत्या अक्षरांवर चालवतात. (फारच जुना ‘३८६’ असेल, तर लिनक्सच्या नव्या आवृत्त्या चालणार नाहीत, त्याचा आधार २०१२ मध्ये काढून टाकला गेला.)

विंडोजवाल्या संगणकांशी बोलायला ‘सांबा’ हा कार्यक्रम आहे. कॅनबेरातील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेतून जाणारे संदेश टिपून त्यांची भाषा उलगडली आणि १९९२ च्या जानेवारीत आपला कार्यक्रम सर्वांना खुला केला. त्या भाषेचे नाव एस्‌एम्‌बी. ही तीन अक्षरे असलेला शब्द त्याने शब्दकोशात शोधला, तो सांबा!

वेगाची चिंता नको. १०० मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइटपर्यंत जाऊ शकतात. ५० लाख बाइटचे गाणे अर्ध्या सेकंदाचे काम. खरी अडचण चकतीची. काही जुन्या संगणकांत पत्त्याला २८ बिटच असतात. २ चा २८ वा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ अब्ज बाइट. त्यापुढची जागा त्यांना दिसतच नाही.

हा सर्व्हर घरच्या जाळ्यातच ठेवा. एस्‌एम्‌बीच्या जुन्या आवृत्तीतील दोषातून २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. दुसरी प्रतही हवीच. जुनी चकती टक्‌टक्‌ करू लागली, की आधी फाइली दुसरीकडे उतरवा, मग कारण शोधत बसा.