वाइन जुनी, अल्कोहोल तेवढेच

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर महाराष्ट्रभर वाद झडला. खारघरला हा विषय नवा नव्हता. आपले नगर दारूमुक्त असावे म्हणून इथले रहिवासी वर्षानुवर्षे आंदोलने करत आले आहेत. तरीही परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून ड्युटी-फ्रीची एखादी बाटली घरात येतेच. ती स्पेनची असेल तर सोबत तिची ओळखही करून दिली जाते: जुन्या वेलींची आहे, पाच वर्षे मुरवलेली आहे, हृदयाला चांगली असते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असू शकतात. तिसरीचे काय, ते पुढे पाहू.

आधी वेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळे खाऊन टाकली. वाळूत मात्र तिला नीट पसरता येत नाही. त्यामुळे स्पेनच्या तोरो भागातल्या रेताड जमिनीत शंभरी ओलांडलेल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटावर कलम करावे लागले. आपल्याकडचा बागायतदार डॉग्रीजच्या खुंटावर कलम बांधतो, तेही काहीसे याच वाटेने आलेले तंत्र. वेल म्हातारी झाली की तिला घड कमी लागतात. खोल गेलेली मुळे आणि जाड खोडात साठवलेले अन्न यामुळे ती दुष्काळात लवकर कोलमडत नाही. थोड्या घडांत रस दाट उतरतो, असे उत्पादक सांगतात. याचे शास्त्रीय पुरावे मात्र एकमुखी नाहीत. माझ्या मते यात निवडीचा भाग मोठा आहे: जिथली वाइन सामान्य होती त्या बागा लोकांनी कधीच उपटून टाकल्या, उरल्या त्या मुळात चांगल्या जागेवरच्या. शिवाय लेबलवर ‘विन्यास व्हिएहास’, म्हणजे जुन्या वेली, असे छापायला वेलीचे अमुक वय हवे, अशी सरसकट अट स्पेनमध्ये नाही. रिओहा भागाने २०१७ मध्ये आणलेल्या ‘विन्येदो सिंगुलार’ या दर्जासाठी तेवढी किमान ३५ वर्षे वयाची अट आहे.

नाशिकमध्ये अशी वेल का सापडत नाही? रिओहातले टेम्प्रानियो हे वाण आता नाशिक जिल्ह्यातही लावले गेले आहे. पण स्पेनची वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, आपल्याकडे तेवढी थंडी नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा तिला जागी करावी लागते. या धावपळीत ती लवकर थकते आणि बहुतेक बागा पंधरा-वीस वर्षांत मोडाव्या लागतात.

आता मुरणे. रिओहातल्या ‘ग्रान रिझर्वा’ लाल वाइनला एकूण पाच वर्षे थांबावे लागते. त्यातली किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात आणि किमान दोन बाटलीत. या काळात खरोखर रसायनशास्त्र घडते. कच्ची लाल वाइन तोंडाला तुरट लागते, कारण द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. कच्चे केळे किंवा हिरडा चावल्यावर होते तेच. पिंपाच्या लाकडातून अगदी थोडा प्राणवायू आत झिरपत राहतो. टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो आणि तुरटपणा निवळतो. ओकमधून व्हॅनिलाचा वास येतो. रिओहात पूर्वापार अमेरिकी ओक वापरतात, त्यातून नारळासारखाही वास येतो. बाटलीत आणखी काही वर्षे गेली की सुके अंजीर, चामडे, तंबाखूचे पान असे वास वर येतात.

चव घेण्याची पद्धत साधी आहे. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा वास. शेवटी घोटभर तोंडात घेऊन थोडी हवा आत ओढायची, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा भाग घशाच्या मागून नाकात जाणारा वासच असतो. आणि नाक सहज फसते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला, तेव्हा ५४ जणांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावायच्या शब्दांत केले. किंमत आणि वय आधी सांगून बाटली उघडणाऱ्या यजमानांनी हे ध्यानात ठेवावे. आणखी एक: मुरवणीसाठी लागते १२ ते १५ अंशांची स्थिर थंडी. खारघरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलेली बाटली मे महिन्यात मुरत नाही, शिजते.

या सगळ्या बदलांत एक गोष्ट जवळपास जशीच्या तशी राहते, ती म्हणजे अल्कोहोल. तुरटपणा गेल्याने जुनी वाइन सौम्य लागते आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी असा समज होतो. १४ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात साडेसोळा ग्रॅम अल्कोहोल असते, वाइन दोन वर्षांची असो की वीस. हृदयाच्या फायद्याची गोष्ट १९९०च्या दशकात फ्रेंच लोकांच्या आहारावरून पसरली. श्रेय रेस्व्हेराट्रॉलला दिले गेले. पण लाल वाइनच्या एका लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते आणि प्रयोगांत दिलेला डोस त्याच्या कितीतरी पट. थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, असे सांगणाऱ्या अनेक पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते.

दुसरी बाजू खारघरमध्येच आहे. टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक इथेच आहे. तिथल्या संशोधकांनी भारतातल्या गालाच्या आतल्या कर्करोगावर केलेल्या अभ्यासात, दिवसाला सुमारे ९ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांमध्येही हा धोका न पिणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळला. वरच्या ग्लासात त्याच्या जवळपास दुप्पट अल्कोहोल आहे. सोबत तंबाखू चघळण्याची सवय असेल तर धोका आणखी वाढतो. अल्कोहोल तोंडाच्या आतल्या अस्तराची रोखण्याची ताकद कमी करते आणि तंबाखूतली घातक द्रव्ये सहज आत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारक ठरवले ते १९८८ मध्ये. तिथे वाइनला वेगळी रांग नाही. हृदयासाठी म्हणून कोणी नव्याने सुरुवात करणार असेल, तर करू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि रोज झोपेची किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी चवीपुरताही घोट घेऊ नये.

व्यावसायिक परीक्षक गिळत नाहीत. टेबलावर थुंकदाणी असते आणि दिवसभरात डझनावारी नमुने तपासले तरी ते त्यातच जातात. तोंडाच्या अस्तरातून थोडे अल्कोहोल तरीही अंगात शिरतेच, त्यामुळे चाखून झाल्यावर सायन-पनवेल महामार्गावर गाडी दुसऱ्याने चालवलेली बरी.