संचारबंदी : कुणाची, कुठे आणि किती वेळ?

‘गावात १४४ लागलंय, घराबाहेर पडू नका,’ असा निरोप मोबाइलवर फिरू लागला की अर्ध्या तासात दूधवाल्यापुढे रांग लागते. या एका वाक्यात दोन चुका असतात. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १४४ आता अस्तित्वात नाही. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. शिवाय हे कलम लागू झालं म्हणजे घराबाहेर पडायला आपोआप बंदी झाली, असंही नाही.

गोंधळ जमावबंदी आणि संचारबंदीचा आहे. जमावबंदीत पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र यायचं नसतं. एकट्याने बाजारात जाऊन भाजी आणायला कुणाची हरकत नसते. संचारबंदीत मात्र एकट्या माणसालाही रस्त्यावर यायची मुभा नसते. कर्फ्यू म्हणतात तो हाच. गंमत म्हणजे कलम १६३ मध्ये ‘कर्फ्यू’ हा शब्दच नाही. शांतता भंग होण्याचा किंवा जिवाला धोका होण्याचा प्रसंग समोर दिसत असेल, तर अमुक गोष्ट करू नये असा लेखी आदेश दंडाधिकाऱ्याला काढता येतो, एवढंच हे कलम सांगतं. आदेशात काय लिहिलं आहे, त्यावर ती जमावबंदी की संचारबंदी हे ठरतं. सणासुदीच्या किंवा मोर्चांच्या तोंडावर आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘कलम ३७ (१) (३) अन्वये’ अशी सूचना छापून येते, ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची असते. तिच्यात शस्त्रं बाळगणं, जमाव जमवणं यांवर निर्बंध असतात.

कर्फ्यूचा जन्म दंगलीतून झाला नाही, आगीच्या भीतीतून झाला. जुन्या फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘विस्तव झाका’ एवढाच होता. मध्ययुगीन युरोपातल्या गावांत घरं लाकडाची, छपरं गवताची. रात्री एखाद्या चुलीतली ठिणगी उडाली तर अख्खी आळी पेटायची. म्हणून संध्याकाळी घंटा वाजे आणि लोक निखाऱ्यांवर झाकण घालत. विस्तव विझवायचा नसे. आपल्या आज्या निखारा राखेखाली जपून ठेवत, तसा तो सकाळसाठी राखायचा असे. अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने ही घंटा सक्तीची केली, असं परंपरेने सांगितलं जातं. घंटा झाली की दिवे मालवायचे, मग वेशीही बंद व्हायच्या, आणि त्यानंतर रस्त्यावर दिसणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जायचं. विस्तवाचा नियम असा हळूहळू माणसांचा नियम झाला. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातली ‘ग्रेट टॉम’ घंटा आजही रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोले देते. पूर्वी ती दरवाजे बंद होण्याची खूण होती.

भारतात या नियमाचं सर्वांत क्रूर रूप अमृतसरने पाहिलं. १३ एप्रिल १९१९ च्या सकाळी जनरल डायरने शहरात दवंडी पिटवली. रात्री आठनंतर कुणी घराबाहेर दिसला तर गोळी घातली जाईल, आणि चार माणसं एकत्र आली तरी तो बेकायदा जमाव समजला जाईल. म्हणजे जमावबंदी आणि संचारबंदी एकाच फर्मानात. त्याच संध्याकाळी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्यानंतर आठ वाजले आणि जखमींना न्यायला यायची कुणाची हिंमत होईना. रतनदेवी नावाच्या बाईने पतीच्या मृतदेहाशेजारी रात्रभर बसून, हातातल्या काठीने कुत्री हाकलत ती रात्र काढली, हे तिच्या जबानीत नोंदलेलं आहे. बागेत त्या रात्री जे जखमी तडफडत राहिले, ते या संचारबंदीमुळेही.

इंग्रज गेले, पण त्यांच्या काळातलं कलम १४४ राहिलं, आणि त्याविरुद्धच्या लढाईत मराठी नावं आहेत. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादात निघालेल्या आदेशाला बाबूलाल पराते यांनी आव्हान दिलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. समाजवादी नेते मधू लिमये यांनी बिहारमधल्या मुंगेरच्या प्रकरणात पुन्हा हाच प्रश्न न्यायालयात नेला. १९७० मध्येही कलम टिकलं. पण त्याचा वापर तातडीच्या प्रसंगापुरताच हवा, ही चौकट या निकालांनी आखून दिली. काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, आणि लोकांचा सनदशीर विरोध दाबायला ते वापरता येणार नाहीत.

त्याच वर्षी करोनाच्या साथीत ‘कर्फ्यू’ हा शब्द घराघरांत पोचला. २२ मार्च २०२० चा ‘जनता कर्फ्यू’ सकाळी ७ ते रात्री ९ पर्यंत होता, पण तो आवाहनावर चालला. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात जाहीर झालेली संचारबंदी मात्र कायद्याची होती. डिसेंबरमध्ये महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ अशी रात्रीची संचारबंदी आली. तोवर ‘कर्फ्यू लागला’, ‘दोन तास शिथिल केला’, ‘उठला’ ही वाक्यं दंगलग्रस्त शहरांच्या बातम्यांतच वाचायची सवय होती. आता ती सोसायटीच्या जिन्यात ऐकू येऊ लागली. दुसरीकडे, वसतिगृहातल्या मुली दरवाजा बंद होण्याच्या वेळेलाही कर्फ्यू म्हणतात. २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झालेलं ‘पिंजरा तोड’ आंदोलन याच वेळांविरुद्ध होतं. सिडनीच्या विमानतळावर तर रात्री ११ ते सकाळी ६ विमानांनाच कर्फ्यू असतो, लोकांना झोप मिळावी म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी ‘१४४ लागलं’ असं कानावर आलं, तर आधी आदेश शोधा. तो कुणी काढला, कोणत्या भागासाठी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि दवाखाना, औषधं, दूध यांना सूट आहे का, हे त्यात असायला हवं. कलम १६३ खालचा आदेश दोन महिन्यांपलीकडे राहत नाही. राज्य सरकारला वाटलं तर तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली शिक्षा होऊ शकते, म्हणून तो पाळावा. आदेश अन्यायाचा वाटला, तर तो बदलावा किंवा रद्द करावा असा अर्ज बाधित माणसाला करता येतो. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, आणि अर्ज फेटाळायचा असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. डायरच्या दवंडीला असं उत्तर मागायची सोय अमृतसरकरांना नव्हती. आपल्याला आहे.